ससे नव्हते ते

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. पंधरा दिवस मी दर तासाला घसा फोडून एकच गोष्ट सांगत होते, आणि ही शिकलेली माणसं ससे मोजत बसली!

मी जोडणी बोलतेय, इंटरनेट आणि कारखाना यांना जोडणारा एक प्रोग्राम. मला ना रंग ना आकार. मूस जॉ गावात ग्रेडन थीसेनचा कपड्यांचा कारखाना आहे, त्याच्या संगणकात माझा मुक्काम. सस्कॅचेवान प्रांतातले लोक या घटकेला इंटरनेटवर काय शोधतायत, ते दर तासाला गोळा करायचं आणि कारखान्याच्या डॅशबोर्डवर, म्हणजे ऑफिसातल्या पडद्यावर, नेऊन ओतायचं, हे माझं काम. तिथे त्याच्या रेघा होतात. रेघा बघून ग्रेडन ठरवतो, काय शिवायचं आणि काय बंद करायचं.

शिक्षण म्हणाल तर माझं प्राथमिकच. शब्द ओळखते, मोजते, पोचवते. अर्थ लावणं मला जमत नाही. पण आणलेलं कधी लपवलं नाही, की फुगवून सांगितलं नाही.

मला घडवलं मारिसेलने. विनिपेगहून दोन हिवाळ्यांपूर्वी इथे आलेली, हळू बोलणारी, एकटी जेवणारी बाई. चालू होण्याआधी मी कितीदा कोसळले, पण ती एकदाही चिडली नाही. शेवटी चालले तेव्हा टाळी वाजवून म्हणाली, "आलीस गं बाई!" तेव्हापासून रोज सकाळी अंगातला कोटही न काढता आधी माझी विचारपूस करायची.

कुठला शब्द कुठल्या खान्यात घालायचा, याची यादी मला द्यावी लागते. कपड्यांची नावं ग्रेडनने दिली, टोरांटोच्या दुकानदारांना पाठवायच्या बिलांवरून उतरवून. त्यात टोपीवाल्या उबदार सदऱ्याचं नाव होतं, हूडी. उरलेले अनोळखी शब्द मारिसेलने लावले. त्यात निघाला 'बनीहग'. बनी म्हणजे ससा, हग म्हणजे मिठी.

"किती गोड! इथले लोक सशांना मिठ्या मारतात," असं म्हणून तिने तो 'पाळीव प्राणी' या खान्यात टाकला. त्या खान्याचा कारखान्याला काही उपयोग नव्हता.

सप्टेंबरात गार वारं सुटलं. शाळांचे हॉकीचे संघ जमायला लागले. हूडीची रेघ जमिनीला टेकली होती आणि प्राण्यांची भिंतीसारखी उभी!

"हूडी कुणाला नकोय," ग्रेडन म्हणाला. "शुक्रवारी शिवणखात्याची मशिनं काढून टाकू. दुसरा तयार माल बाहेरून आणू."

"आणि हे प्राणी?" मारिसेलने भीत भीत विचारलं.

"प्राण्यांचं काय करू? ससे पाळू?"

शिवणखात्यात हूडी शिवणाऱ्या नऊ बाया. त्यांची मुख्य वर्ना कोवालचुक, ग्रेडन रांगत होता तेव्हापासून तिथे शिवणारी. त्या नऊ जणींच्या पोटावर पाय येत होता, आणि मारिसेल मलाच बंद करून पुन्हा चालू करत होती. "काय झालंय तुला? कुठून आणतेस इतके ससे?" अगं, मी आणते ते लोकांच्या बोटातलं! तोंड असतं तर तेव्हाच फाडफाड बोलले असते.

गुरुवारी वर्ना कॉफीचा कप घेऊन आत आली.

"ग्रेडन, काढायचं तर काढ. पण कशामुळे काढतोस ते तरी दाखव."

"वर्ना, मी नाही हो म्हणत. हा पडदा म्हणतोय."

"कालपर्यंत तू म्हणायचास, आता पडदा म्हणतो. बघू." तिने चष्मा चढवला. "हे ससे कसले वाढलेत?"

मारिसेलने खाना उघडला. आत जवळजवळ एकच शब्द, हजारोंनी: बनीहग.

वर्नाने कप टेबलावर आपटला. "अगं वेडाबाई, हा ससा होय? तुझ्या खुर्चीवर टोपीवालं लोंबतंय ना, ते बनीहग! गेल्या हिवाळ्यात मीच नाही का शिवून दिलं तुला?"

"तुम्ही नुसतं 'घाल, नाहीतर गारठशील' म्हणालात. नाव नव्हतं सांगितलं."

"सदऱ्याचं नाव काय सांगायचं? इथे पाळण्यातलं पोरही जाणतं! आणि तू रे ग्रेडन? अंगात काय घातलंयस?"

ग्रेडनने खाली बघितलं. "बिलावर हूडी लिहितो आपण..."

"बिल टोरांटोसाठी. सकाळी बायकोला काय विचारतोस? माझी हूडी कुठंय?"

"नाही," तो पुटपुटला. "बनीहग कुठंय, असंच."

शुक्रवारी मशिनं हलली नाहीत. उलट नऊही मशिनं दिवसभर खडखडत होती.

आता पुढच्या महिन्यात माझ्या जागी नवी जोडणी येणार आहे. माझी तक्रार नाही. तिला माझ्यापेक्षा जास्त कळत असेल, पण तिलाही कुणीतरी शब्द शिकवावे लागतील. तेव्हा एवढंच मागते: एखादा शब्द कळला नाही, तर उठा आणि तो बोलणाऱ्याला विचारा. वर्ना भिंतीपलीकडेच बसते.

मारिसेलवर मी रागावले होते, खूप. पण त्या शुक्रवारी, झालेल्या चुकीची नोंद करायची होती. ग्रेडन म्हणाला, "लिही, जोडणी बिघडली होती. तिला काय कळतंय?"

मारिसेलने खुर्चीवरचं बनीहग ओढून अंगात घातलं. म्हणाली, "तिने बरोबरच आणलं होतं. मीच ऐकलं नाही."

"अगं, कपड्यांची यादी तर माझी होती!" ग्रेडन म्हणाला.

तिने 'चूक कोणाची' या शब्दांपुढे एकेक अक्षर सावकाश टाइप केलं: मारिसेल डुमलाओ.