वाढलेली शाई

ते कवळ्या आणि दातांच्या टोप्या बनवायचे, म्हणून सगळे त्यांना दातवालेच म्हणत. टोपीचा रंग शेजारच्या दाताशी जुळला तर काम फत्ते, नाही जुळला तर हसणाऱ्याचंच हसं. दिवसभर पांढऱ्यातला पिवळा आणि पिवळ्यातला करडा हुडकायची त्यांच्या डोळ्यांना सवय लागली होती, आणि ही सवय घरी आल्यावर गप्प बसेना. भेट मिळालेल्या पेनात भरायला त्यांनी एक निळी शाई आणली. ती जरा जांभळट वाटली म्हणून दुसरी आणली, दुसरी फिकी वाटली म्हणून तिसरी. आणि निळ्यांचा निकाल लागायच्या आत हिरव्यांनी घरात पाय ठेवला. आता बैठकीतलं काचेचं कपाट बाटल्यांनी गच्च भरलं होतं. प्रत्येक शाईचं एक जाड कार्ड. त्यावर एक फराटा, एक ओळ आणि पाण्याचा एक थेंब.

"लिहायचं काय, तर किराण्याची यादी," बायको म्हणायची. "माझ्या नवऱ्याला व्यसन नाही असं मी लोकांना सांगते, ते धादांत खोटं."

या व्यसनात त्यांना जोडीदार होता तो बायकोचा थोरला भाऊ. दादा इमारतींमधल्या लिफ्ट तपासायचे. दर रविवारी ते बॅगेतून चार बाटल्या घेऊन यायचे. जेवणं आटोपली की दोघं खिडकीपाशी टेबल ओढायचे आणि उजेड मावळेपर्यंत कार्डाला कार्ड लावून बघत बसायचे.

कपाटाची राणी होती शेवाळी. चौकोनी, जाड काचेची बाटली. लिहिताना ही शाई राखाडी दिसायची, वाळता वाळता हिरवी व्हायची आणि अक्षराच्या कडेला एक बारीक तांबूस रेघ उमटायची. कंपनीने ती बनवणं कधीच बंद केलं होतं. दातवाल्यांना ती एका बंद पडत चाललेल्या दुकानात मिळाली होती, आणि तेव्हापासून ते तिला मुलगी सासरी द्यायची नसलेल्या बापासारखे जपत होते. दादांच्या वाढदिवसाला तेवढी एक पेनभर द्यायचे, तीही ड्रॉपरने मोजून.

एका शनिवारी दुपारी त्यांनी शेवाळी पेनात भरली, ओळ लिहिली आणि वाळायची वाट पाहिली. हिरवा रंग आला. तांबूस रेघ आली नाही.

त्यांनी निब धुतली, पुन्हा भरली, पुन्हा लिहिलं. नाहीच. जुनं कार्ड काढून खिडकीत धरलं. दोन्ही हिरवे सख्खे नव्हते. चुलत म्हणता आले असते. मग त्यांनी बाटली डोळ्यांसमोर धरली. शाई बाटलीच्या खांद्याला टेकली होती. आधी इतकी नव्हती. वापरून वापरून ती केव्हाच खांद्याखाली उतरली होती.

"शेवाळीला कुणी हात लावला होता?" त्यांनी विचारलं.

"शाई जुनी झाली असेल," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

दातवाले थबकले. काय झालंय ते त्यांनी अजून सांगितलंच नव्हतं. शिवाय शाई जुनी झाली तर आटते, वाढत नाही. त्यांनी कपाटात डोकं घातलं. मधल्या फळीवर नवा कागद अंथरला होता. बाकीच्या फळ्यांवर जुनाच, डाग पडलेला.

"हा कागद कधी बदललास?"

"कपाट पुसायला कुणी नको का? तुम्ही तर फक्त बघता."

उत्तर बरोबर होतं, पण आवाज बरोबर नव्हता. घरात माणसं दोन, येणारा तिसरा एकच. त्याला शाईची पारख होती, आणि शेवाळीची आसही असणारच; कुणाला नसेल? शेवाळी काढून घ्यायची आणि तिच्या जागी तिच्यासारखी दिसणारी काहीतरी ओतून ठेवायची. ओतताना हात जरा सैल पडला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दादा आले तेव्हा दातवाले तोंडाने कार्डांबद्दल बोलत होते आणि डोळ्यांनी दादांचे हात न्याहाळत होते. बोटांवर डाग होते. पण ते दर रविवारी असायचेच.

"आज शेवाळी काढू या म्हणतो," दातवाले सहज बोलल्यासारखं म्हणाले.

दादांनी बहिणीकडे पाहिलं. बहिणीने पाण्याचं भांडं उचललं आणि आत निघून गेली.

"राहू दे भावोजी," दादा म्हणाले. "उगाच कशाला संपवता?"

दातवाल्यांची खात्रीच पटली. खाई त्याला खवखवे. वाईट याचं वाटत होतं की बायकोही सामील होती. सख्खा भाऊ तो सख्खा भाऊ. नवरा काय, बाहेरचाच.

बुधवारी त्यांनी काम लवकर आटोपलं आणि दादा कामावर असतानाच त्यांचं घर गाठलं. वहिनींनी दार उघडलं. दादांचं एक पेन चुकून राहिलं होतं, ते द्यायला आलो, असं दातवाल्यांनी सांगितलं. वहिनी चहा टाकायला आत गेल्या आणि दातवाले दादांच्या कपाटापाशी गेले. पुढे निळ्या होत्या, त्यांच्यामागे तपकिरी. अगदी मागे, भिंतीला चिकटून, चौकोनी जाड काचेची बाटली. लेबल तेच. आत तळाला बोटभर हिरवं.

"काही शोधताय का?" मागून वहिनींनी विचारलं.

"नाही, नाही. बघत होतो." चहा तसाच ठेवून ते निघाले. जिना उतरताना त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती, आणि रागही मावत नव्हता.

रविवारी जेवणाची ताटं उचलायच्या आधीच त्यांनी तोंड उघडलं.

"दादा, शेवाळी तुमच्या कपाटात कशी आली?"

दादांचा हात ताटातच राहिला. बोलली बायको.

"मी सांडली. कपाट पुसताना बाटली आडवी झाली. झाकण तुम्हीच नीट लावलं नव्हतं. फळीभर हिरवं झालं. उशीचा अभ्रा घेऊन पुसत बसले आणि रडत दादाला फोन केला. त्याने स्वतःकडची आणून ओतली, जरा जास्तच."

"मला का नाही सांगितलंस? मी ओरडलो असतो म्हणून?"

"ओरडला असतात तर परवडलं असतं. तुम्ही गप्प बसला असतात. महिनाभर."

दातवाल्यांना दुसराच प्रश्न सुचला, आणि तो जास्त टोचत होता.

"पण भर घालायला दादांकडे शेवाळी आली कुठून?"

दादांनी बोटं पुसली. "होती. तुमच्या आधीपासून. तुम्ही पहिल्यांदा बाटली दाखवलीत ना, त्या दिवशी माझी बॅगेत होती. तुम्हाला दाखवायलाच आणली होती मी. चेन अर्धी उघडलीही होती."

"मग?"

"मग तुम्ही म्हणालात, अशी दुसरी कुणाकडे सापडणार नाही. तुमचा चेहरा बघितला आणि चेन लावून टाकली. माझी कंपनीच्या जुन्या खेपेतली आहे, तिला कडेची लाली कमी. तुमच्या लक्षात येईल याची धास्ती होतीच."

दातवाले उठून गॅलरीत गेले. चोरी झाली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. चोरावर रागावता येतं. इथे तर वाढदिवसाची ती ड्रॉपरभर शाई आठवत होती. ती देताना केलेलं छोटंसं भाषणही. आणि समोर बसून ती घेणारे, "अरे वा" म्हणणारे दादा. गॅलरीतून परत आले तेव्हा दादा गेले होते.

पुढच्या रविवारी दादा आले नाहीत. बायकोने दोनच ताटं मांडली. दातवाल्यांनी त्या मिसळलेल्या शेवाळीचं नवं कार्ड केलं, खिशात घातलं आणि तडक दादांकडे गेले. दार दादांनीच उघडलं.

"चुकलो," दातवाले उंबऱ्यातच म्हणाले. "तुमचं कपाटही उचकलं."

"आमच्या हिने सांगितलंय. आत या."

दातवाले बसले, पण मनातली मुंगी बसेना. "आणखी काय काय लपवलंय?"

"लपवलं असं नाही. दाखवलं नाही." दादा उठले आणि पलंगाखालून बुटांचा एक खोका ओढला. आत बाटल्याच बाटल्या. दातवाले पुढे झुकले. "आणि आता विचारताच आहात तर सांगतो," दादा पुढे म्हणाले, "तुमची ती जांभळी, जिची तुम्ही आरती गाता, ती मला कधीच आवडली नाही. औषधाच्या पाण्यासारखी दिसते."

"औषधाचं पाणी?" दातवाले ताडकन सरळ बसले. "दादा, तुम्ही तिला चांगल्या कागदावर पाहिलंच नाहीये. आणा कागद! आणि ते टेबल घ्या खिडकीशी."