रविवारी बोट नसते

प्रवास कंपनीच्या कचेरीत तोरिलने वेळापत्रकावर पट्टी ठेवून पेन्सिलीने रेघ ओढली आणि कागद फिरवून समोरच्या जोडप्याकडे सरकवला.

"बर्गनहून सकाळच्या गाडीनं निघायचं. व्हॉसला उतरून जेवण. दुपारच्या गाडीनं मिर्दाल, आणि तिथून छोटी गाडी खाली फ्लोमला. ती इतकी हळू उतरते की रुळांकडेची फुलं मोजता येतात."

"असं काही सांगू नका याला," बाई म्हणाल्या. "हा खरंच मोजत बसेल."

"मोजेन की. मला आता कसली घाई आहे?" नवरा म्हणाला. उंच माणूस, पांढरे केस मागे विंचरलेले, कोटाची बटणं वरपासून खालपर्यंत लावलेली. "चाळीस वर्षं बँकेत घड्याळ बघून काढली."

"घाई नाही म्हणतो! अंडं उकडत ठेवलं तर तीनदा झाकण उघडतो."

तोरिल हसली. या बाई तिला आवडल्या होत्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून दोघं निघाली होती. आगगाडी, मग बोट, सहा दिवस, कुठे धावपळ नको. असं गिऱ्हाईक मिळालं की तोरिलला काम केल्यासारखं वाटत नसे. तिने कोरा फॉर्म पुढे ओढला.

"नाव?"

"स्कोरपेन. हाल्वर्ड स्कोरपेन. आणि ही सिन्नोव्ह."

"स्कोरपेन कसं लिहायचं?"

"हेल्लेविकचे स्कोरपेन. धक्क्यावरचं दुकान आमचं. माझा पुतण्या चालवतो अजून."

तोरिलने पेन्सिल उचलली. तिला चांगलं टोक होतं. तरी ती उठली, खिडकीतल्या यंत्रात पेन्सिल घालून फिरवत राहिली, आणि परत येऊन बसली तेव्हा पेन्सिल बोटाएवढी उरली होती.

ती पंधरा वर्षांची असताना मावशीने तिला सांगितलं होतं. पंचेचाळीसच्या मे महिन्यात, जर्मन हरल्याच्या तिसऱ्या दिवशी, हेल्लेविकच्या दुकानाच्या पायरीवर तिच्या आईला, जर्मन शिपायाशी संबंध ठेवला म्हणून, खुर्चीत बसवलं आणि सगळ्या गावासमोर तिचे केस मुळापासून कापले. तोरिल तेव्हा दोन वर्षांची होती, मावशीच्या कडेवर. केस कापणारा कोण, हेही मावशीने सांगितलं होतं. दुकानवाल्यांचा हाल्वर्ड. कापताना शीळ घालत होता.

आई, ओलिने, त्याच आठवड्यात डोक्याला रुमाल बांधून आणि पोर घेऊन निघाली ती फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, आत लुंडेविकला येऊन थांबली. नवरा खलाशी होता, बुडाला, असं तिने तिथे सांगितलं. तिने भांडी घासली, मग स्वयंपाक केला, आणि पुढे धक्क्यावरचं आठ खोल्यांचं अतिथीगृह चालवायला घेतलं. तिने केसांना परत कधी कात्री लावली नाही. पांढरी वेणी डोक्याभोवती दोन वेढे घेई. याविषयी ती तोरिलशी एक शब्दही बोलली नव्हती, आणि तोरिलनेही कधी विषय काढला नव्हता.

"बोटीचं मी नीट बघून ठरवते," तोरिल म्हणाली. "परवा या."

दोन दिवस ती जेवणाच्या सुट्टीतही टेबलावरून उठली नाही. बोकड कापायचा तर आधी त्याला चांगला चारा घालतात. तिने स्कोरपेनला प्रत्येक गाडीत खिडकी दिली, आणि तीही नदीच्या बाजूची. फ्लोमला सगळ्यात चांगली खोली दिली. बोटीवर वरच्या डेकवर वाऱ्याआडची जागा. त्याने सुखावावं, सैल पडावं, कोटाचं वरचं बटण काढावं. मग शनिवारी दुपारी दोनला पोचणाऱ्या बोटीने लुंडेविक. लुंडेविकला रविवारी बोट नसते. रस्ताही अजून पलीकडच्या वळणापर्यंतच आला होता. पुढची बोट सोमवारी साडेनऊला. म्हणजे साडेत्रेचाळीस तास. तिने ते तीनदा मोजले, आणि तिन्ही वेळा तिला बरं वाटलं.

शनिवारी संध्याकाळी तालीम आटोपून चर्चची गाणारी मंडळी ओलिनेकडे जेवायला येत. दहा-बारा माणसं, एक लांब टेबल. त्याने जे केलं ते लोकांसमोर केलं होतं. त्याचं उत्तरही लोकांसमोरच मिळायला हवं होतं. तोरिलने वाक्य तयार केलं, दोन शब्द गाळले, एक बदलला, आणि ते पाठ केलं.

दोघं तिकिटं न्यायला आली तेव्हा सिन्नोव्हने घरची बिस्किटं डब्यात घालून आणली होती.

"लुंडेविकला दोन दिवस?" हाल्वर्डने कागद दूर धरून वाचला. "तिथं करायचं काय?"

"काहीच नाही. तिथं करण्यासारखं काही नाहीच."

"मग अगदी बरोबर," तो खूश होऊन म्हणाला.

"आणि जेवणाचं?" सिन्नोव्हने विचारलं.

"तिथल्या बाई स्वतः करतात."

"तुम्ही जेवलाय तिथं?"

"पुष्कळदा," तोरिल म्हणाली, आणि तिने बिस्किटांचा डबा न उघडता खणात ठेवला.

शुक्रवारी ती स्वतः लुंडेविकला पोचली. ओलिने धक्क्यावर ढकलगाडी घेऊन पिठाच्या पोत्याची वाट बघत उभी होती.

"तू कशी काय? ईस्टरला तर येऊन गेलीस."

"सुट्टी उरली होती."

"उरली होती तर कुठंतरी जायचं. लोकांना जगभर पाठवतेस, आणि स्वतः येतेस ती इथं बटाटे सोलायला."

"सोलते की."

ओलिनेने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, मग ढकलगाडीची एक मूठ तिच्या हातात दिली.

शनिवारी बोट वेळेवर आली. तोरिल वरच्या मजल्यावरच्या पडद्याआडून पाहत होती. हाल्वर्ड उन्हाने लाल झाला होता. कोट हातावर होता, शर्टाची दोन बटणं उघडी. त्याने फळीवरून उतरताना बायकोला हात दिला, मग डोंगराकडे, धबधब्याकडे, घराच्या पांढऱ्या लाकडी भिंतींकडे बघून काहीतरी म्हणाला, आणि दोघं हसली. ओलिने दारात हात पुसत उभी होती.

"खोली चार," तिचा आवाज आला. "पाण्याकडची. जेवण सहाला."

आवाजात काही नव्हतं. तिने ओळखलं नाही, तोरिलला वाटलं. बरंच झालं. कळेल तेव्हा एकदमच कळेल.

सहाला टेबल भरलं. भाजलेला सामन मासा, काकडी, आंबट साय. नवे बटाटे अजून आत चुलीवर होते. तोरिलला बघून सिन्नोव्हने दोन्ही हात वर केले.

"अगं बाई, तुम्ही! हे घर तुमच्या ओळखीचं म्हणजे इतकं!"

"माझ्या आईचं आहे."

"आणि आम्हाला पत्ता लागू दिला नाहीत! बघ रे हाल्वर्ड."

हाल्वर्डने पेला उंचावला. "मग तर तुमचे आभारच मानायला हवेत. असे चार दिवस मी आयुष्यात काढले नव्हते."

समोर तोल्लेफ बसला होता. गाण्यात खर्जातला आवाज त्याचा. गेली तीस वर्षं ओलिनेच्या छपराची गळती तोच काढत आला होता. त्याने पाहुण्याला विचारलं, "कुठले म्हणायचे तुम्ही?"

"हेल्लेविक."

तोरिल उभी राहिली. खुर्ची मागे घासली, आणि सगळ्यांना वाटलं की ती पाहुण्यांसाठी दोन शब्द बोलणार. बोलणी थांबली.

"हाल्वर्ड स्कोरपेन," ती म्हणाली. आवाज ठरवल्यासारखाच निघाला. "पंचेचाळीसच्या मे महिन्यात हेल्लेविकच्या दुकानाच्या पायरीवर तुम्ही एका बाईचे केस कापलेत. कुणाचे, ते या मंडळींना सांगा. ती बाई आत बटाटे गाळतेय."

हाल्वर्डने काटा खाली ठेवला. त्याचा लाल झालेला चेहरा आधी तसाच राहिला, मग कपाळाकडून पांढरा पडत गेला. हीच घडी तोरिलने दोन आठवडे मनात घोळवली होती. तिने नजर हलवली नाही.

"मी पंचवीस वर्षांचा होतो," तो म्हणाला. "ते दिवस... तेव्हा सगळेच..."

"शीळ घालत होतात."

"हाल्वर्ड?" सिन्नोव्ह म्हणाली.

तो बायकोकडे पाहू शकला नाही. त्याने पाण्याचा जग उचलला, पण पाणी पेल्याबाहेर टेबलावर सांडलं. शेजारी बसलेल्या मास्तरीणबाईंनी जग त्याच्या हातातून हळूच काढून घेतला आणि त्याचा पेला भरून दिला.

मग तोरिलच्या लक्षात आलं, की बाकी कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. तिथे ओलिने बटाट्यांचं वाफाळतं भांडं घेऊन उभी होती, आणि लोकांच्या नजरा तिच्या वेणीवर होत्या.

तोल्लेफने तोंड पुसलं. तो तोरिलशी बोलला, पण डोळे तिच्या आईवरच होते.

"म्हणजे तुझा बाप खलाशी नव्हता?"

त्याने खुर्ची मागे सरकवली.

"बुडालाबिडाला नाही तो. जर्मनांतला होता."

"तोल्लेफ," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"माझा भाऊ त्यांच्या छावणीत मेला, ओलिने. दर वर्षी त्याच्या दिवसाला तू मला लापशी करून पाठवतेस." त्याने रुमालाची नीट चौकोनी घडी केली, ताटाशेजारी ठेवली, आणि टोपी घेऊन बाहेर गेला. जरा वेळाने आणखी दोघं उठली. एकीने ओलिनेला उगाचच सांगितलं की आज जेवण फार छान झालं होतं.

ओलिनेने भांडं टेबलाच्या मधोमध ठेवलं. "बटाटे घ्या," ती म्हणाली. "गार होतील."

स्वयंपाकघरात ती पाठमोरी उभी राहून भांडी घासत होती. तोरिल दारात थांबली.

"आई, मला वाटलं—"

"उतरला तेव्हाच ओळखलं मी त्याला. फळीवरून चालतानाच." कढई पालथी घातली गेली. "सोमवारी साडेनऊला गेला असता. दोन रात्री. त्रेचाळीस वर्षं काढली मी, दोन रात्री नसत्या काढल्या?"

"त्याला काहीच शिक्षा झाली नसती."

"त्याला कुठं झाली?" ओलिने वळली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. "हेल्लेविकात त्यानं मला लोकांसमोर बसवलं. आज इथं तू बसवलंस. तो निदान परका होता."

तोरिलने कपडा उचलला आणि ताट पुसायला घेतलं. तेच ताट ती पुसत राहिली, शेवटी ओलिनेने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"विचारायचंस गं मला. एकदा तरी विचारायचंस."

रविवारी सकाळी हाल्वर्ड धक्क्यावरच्या बाकावर बसला होता, सामान भरून पायाशी ठेवलेलं. बोट उद्या आहे, हे त्याला दोघांनी सांगून झालं होतं. सिन्नोव्हने आदल्या संध्याकाळीच दुसरी खोली मागून घेतली होती. ती पोर्चमध्ये उभी होती. तोरिल बाहेर आली तशी ती म्हणाली, "मला तरी आधी सांगायचं होतंत. मी तुमच्यासाठी बिस्किटं केली होती हो."

सिन्नोव्ह आत निघून गेली.

चर्चची पहिली घंटा झाली. ओलिने काळा कोट घालून, भजनांचं पुस्तक घेऊन पायऱ्या उतरली. वेणी नेहमीसारखीच डोक्याभोवती बांधलेली, वर टोपी नाही, रुमाल नाही.

"आज नको जाऊस," तोरिल म्हणाली.

"आज नाही गेले तर कधीच जाता येणार नाही. कोट घाल."

"मी?"

"बोललीस ना तू? मग आता ये बरोबर."

चढ लांब होता. खालून पुढे-मागे माणसं चालली होती. नेहमी ओलिनेसाठी थांबणाऱ्या मास्तरीणबाई आज वळणाच्या पुढे निघून गेल्या. नंतर त्या थांबल्या, बुटाचा बंद बांधू लागल्या, आणि बांधून झाल्यावरही वाकलेल्याच राहिल्या. ओलिने त्यांच्यापाशी पोचली तेव्हा दोघी थोडं अंतर राखून चालू लागल्या. चर्चच्या पायऱ्यांवर गाणारी मंडळी उभी होती. तोल्लेफही होता. त्यांना बघून बोलणं तुटलं.

ओलिनेची चाल वाढली नाही, कमीही झाली नाही. तिने फक्त तोरिलचा दंड धरला.

"एर्विन," ती हलकेच म्हणाली.

"काय?"

"तुझा बाप. युद्धाआधी बेकरीत होता. पहाटे उठायची सवय सुटली नव्हती त्याची." तिला दम लागला होता, ती जरा थांबून बोलली. "कुणी विचारलं तर नाव सांग. नुसतं जर्मन म्हणू नकोस."

पंचेचाळीस वर्षांत हे नाव तोरिलने पहिल्यांदा ऐकलं. तिने ते मनात एकदा म्हणून पाहिलं. पायऱ्या आल्या. तोल्लेफ टोपी हातात फिरवत बाजूला सरकला. वाट दिली, की जवळ उभं राहायचं नव्हतं म्हणून सरकला, ते कळलं नाही.

"आडनाव?" तोरिलने विचारलं.

"ते घरी गेल्यावर," ओलिने म्हणाली आणि तिने दार ढकललं.