पांढऱ्या टाळूची खूण

“मान हलवू नकोस, पाइंग. कान खाली आला तर मी परत चिकटवीन, पण उलटा चिकटवीन!” ऊ ओन श्वे न्हाव्यानं पोराच्या डोक्यावर पाणी थापलं.

“मला नाही मठात राहायचं,” पाइंग फुरंगटला. “मी बंदूक घेणार नि दादाला सोडवून आणणार.”

“घे की. आधी बंदुकीएवढा उंच तरी हो.”

पाइंगची आई, मा टिन न्वे, पांढरं कापड धरून समोर बसली होती. श्रामणेर, म्हणजे बालभिक्षू, होणाऱ्या पोराचा एकही केस जमिनीला लागता कामा नये. आई आणि बहिणीनं तो कापडात झेलायचा. बहीण नव्हती, म्हणून दुसरी टोकं मठाच्या खांबाला बांधली होती.

“हसवू नका हो त्याला, काका. कापड हलतंय,” ती म्हणाली.

बोलताना तिची नजर मात्र नदीकडे होती. सकाळीच नावाडी ओरडत आला होता, की फौजेची गाडी पल्याडच्या धक्क्यावर उतरलीय आणि फौजेत भरायला पोरं उचलतेय. अंगावर भिक्षूचं भगवं चीवर असलं की फौज सहसा हात लावत नाही. सहसा! त्या शब्दापाशी ऊ ओनचा वस्तरा अडखळला.

ऊ ओन म्हणजे इरावतीकाठचा पट्टीचा थापाड्या. त्यानं वाघाच्या मिशा कातरल्या होत्या, आणि वाघ म्हणे पुढच्या पौर्णिमेला पुन्हा आला होता, डावी बाजू जरा लांब राहिली म्हणून! जन्मभर एवढ्या थापा मारल्या, कुणाचं वाकडं झालं नाही. एकदाच खरं बोलला.

गेल्याच्या गेल्या वर्षी छावणीत भरती झालेल्या पोरांची डोकी करायला त्याला बोलावलं होतं. काम झाल्यावर ताडी पुढं आली, जीभ सैल सुटली. “हवालदारसाहेब,” तो ऐटीत म्हणाला, “जुन्या श्रामणेराची टाळू उन्हानं रापलेली असते. तुम्हाला भिऊन काल भगवं नेसलेल्याची सोललेल्या बटाट्यासारखी पांढरी. आंधळाही ओळखेल!”

हवालदार खदाखदा हसला. आठवड्याच्या आत त्यानं याच मठात पोरं रांगेत उभी केली आणि पांढऱ्या टाळूंची तेवढी नेली. त्यांत पाइंगचा थोरला भाऊ ल्विन होता. त्याचं डोकंही ऊ ओननंच केलं होतं. गाव म्हणालं, नशीब. खूण कुणी दिली, हे ऊ ओननं कुणालाच सांगितलं नाही.

आता वस्तऱ्याखालून पाइंगची टाळू निघत होती. पांढरीफटक.

ऊ ओननं वस्तरा पुसला, पोराला मठातल्या थोरल्या भंतेंच्या हवाली केलं आणि लुंगी सावरत चहाच्या टपरीवर धावला.

“म्हाताऱ्यांनो, उठा! नदीची देवी स्वप्नात आली होती. आज ज्याचं डोकं तुळतुळीत नसेल, त्याला पुढच्या जन्मी हीच बायको!”

टपरी रिकामी झाली. कुणी हसत आला, कुणी गाडीची बातमी ऐकून ओठ आवळून आला. पण आले सगळे. डोक्यांमागून डोकी झाली. शेवटी ऊ ओननं स्वतःचा पांढराशुभ्र बुचडा सोडला. दुसऱ्यांची डोकी करण्यात जन्म गेला. या बुचड्याला मात्र त्यानं कधी वस्तरा लावला नव्हता. थोरल्या भंतेंनी वस्तरा उचलला, तशी मा टिन न्वे तेच कापड घेऊन पुढं झाली.

“तू नको गं. पडू दे खाली.”

“असं कुठं असतं का? तुमचं आहे कोण दुसरं? मी धरते.”

पाइंगच्या काळ्या केसांवर पांढऱ्या बटा पडत गेल्या. ऊ ओननं डोळे मिटून घेतले.

सगळ्यांच्या अंगावर चीवरं चढेपर्यंत गाडी आली. शिपायांनी बूट काढले. तोच हवालदार रांगेवरून फिरला. जिकडे बघावं तिकडे पांढरी टाळू. भिऊन नेसलेला कोण, हे ओळखायचं कसं?

“घाबरून भगवं नेसलात होय रे सगळे?”

“या म्हाताऱ्यांना कोण पळवून नेणार होतं, बाबा?” थोरले भंते शांतपणे म्हणाले. “आज गावाचा दीक्षेचा दिवस आहे.”

मागचे शिपाई केव्हाच हात जोडून खाली बसले होते. हवालदारानं त्यांच्याकडे पाहिलं, मग ऊ ओनकडे, आणि हसला.

“अरे, हा तर आपला न्हावी! पांढऱ्या टाळूची खूण तूच शिकवलीस ना मला? लई कामाला आली हो. आज मात्र मोडलीस.”

गाडी गेली. सगळ्या माना ऊ ओनकडे वळल्या.

मा टिन न्वे उठली. रिवाजाप्रमाणे तिनं पोटच्या पोराला तीनदा वाकून नमस्कार केला. मग ती ऊ ओनसमोर आली. त्याच्याही अंगावर चीवर होतं, म्हणून तिथंही तीनदा वाकली. आता आशीर्वाद द्यायचा असतो. उचललेला हात ऊ ओननं चीवरात ओढून घेतला.

ती मागं सरकली, मठाच्या पायरीवर बसली. मांडीवर कापड उलगडलं आणि मान खाली घालून काळ्या केसांतून पांढरे केस एकेक करून वेचायला लागली. वेचलेला केस ती फेकत नव्हती. अलगद शेजारी, जमिनीवर ठेवत होती.