नावेला गाडी

पितृपक्षात गाड्यांच्या बाजाराकडे कोणी फिरकत नाही. तापीकाठच्या त्या शहरात लालबागच्या रस्त्यावरील श्रीकांतच्या जुन्या गाड्यांच्या आवारात त्या सकाळी पिकअपच्या रांगेवर धूळ निवांत बसलेली होती, आणि श्रीकांत खुर्चीत पाय वर घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. नवी वस्तू घरात आणण्याचे हे दिवस नव्हेत. पण बघायला कुठे बंदी आहे, असा भूपेंद्रचा युक्तिवाद होता. "आत्ता बघू, घेऊ घटाला," असे म्हणून तो मेव्हण्याला मोटरसायकलवर मागे बसवून घेऊन आला होता.

मेव्हणा म्हणजे हर्षल. राजपुऱ्यातील प्रभाकर मास्तरांचा धाकटा मुलगा. त्याची बहीण रंजिता निंबोल्याला भूपेंद्रच्या घरी दिलेली; तिथे भूपेंद्रची केळीची शेती. गाडी दोघांत घ्यायची होती. आठवडाभर ती केळी वाहणार आणि शनिवार-रविवार हर्षलची नाव ओढणार, असे रंजिताने दोघांना समोर बसवून ठरवले होते, आणि तिने ठरवलेले मोडण्याची प्राज्ञा दोघांतही नव्हती.

नाव फायबरची, नारिंगी रंगाची, सहा माणसे बसतील एवढी. धरणावरचा एक नौकाविहार बंद पडला तेव्हा हर्षलने ती दोन चाकांच्या लोखंडी ट्रॉलीसकट घेतली होती. सुटीच्या दिवशी तो ती निंबोल्यापलीकडच्या तलावावर नेई आणि संध्याकाळी परत आणी, कारण तेथे राखायला कोणी नव्हते. नेणे-आणणे शेजारच्या सुकलालच्या ट्रॅक्टरवर चाले. गणपतीच्या विसर्जनासाठी सुकलालने ती राजघाटावर पाण्यात उतरवून दिली, आणि पुढच्याच आठवड्यात ट्रॅक्टर विकून टाकला. तेव्हापासून ट्रॉली काठावर आणि नाव पाण्यात, दोरीला बांधलेली, अशी ताटातूट झाली होती. खंडव्याच्या रस्त्यावरचा एक ढाबेवाला ती मागत होता. ढाब्याच्या फाटकापाशी उभी करून तिच्यात मोगऱ्याच्या कुंड्या ठेवायच्या, लोक शेजारी उभे राहून फोटो काढतील, असा त्याचा बेत. घटस्थापनेपूर्वी ओढायला गाडी ठरली नाही, तर नाव त्याला द्यायची, असे हर्षल नाइलाजाने बोलून बसला होता.

ही गोष्ट त्याला रोज थोडी थोडी बोचत होती. जमिनीवर त्याचे शब्द घशाशी येऊन माघारी जात. चारचौघांत तो पाणी मागतानाही ओशाळत असे. पाण्यावर मात्र त्याला बोलता येई. वल्ही हातात आली की तो अनोळखी माणसांना पाणकावळे दाखवी, वारा कुठून वळेल ते सांगी. का, हे त्याला कधी उमगले नाही. कदाचित नावेत बसलेली माणसे काठाकडे बघतात, बोलणाऱ्याकडे नाही, म्हणून असेल.

"या, या," श्रीकांत हर्षलकडे पाहत उठला. "साहेबांनी फोनवर सांगितलं, तशीच गाडी काढून ठेवलीय."

गाडी छोटी होती, पांढरीशुभ्र. मागच्या हौद्याच्या फळ्यांवर गुलाब रंगवलेले, आरशांना लाल गोंडे. भूपेंद्रची कळी खुलली. त्याने हौद्यात चढून दोन्ही हात पसरले, खाली उतरून फळी पाडून पाहिली.

"अन् बुटकी आहे पाहा, सालेसाहेब! घड चढवायले सोपं. लांबी बी मस्त. काय म्हणता?"

हर्षल मागे वाकून पाहत होता. हूक अडकवायला जागाच नव्हती. बंपर पत्र्याचा, मागची चाके हलकी, गुळगुळीत.

"दाजी, ही..."

"बोला ना."

"नाही. काही नाही."

"असंच आहे यांचं," भूपेंद्र श्रीकांतला म्हणाला. "बोहल्यावर हे 'हो' म्हणतील तवा भटजींले कान लावून ऐका लागंल."

श्रीकांत हसला, आणि सौदा पुढे सरकावा म्हणून सहज बोलून गेला, "तसंही यांना गाडी नावालाच तर पाहिजे."

भूपेंद्रचा हात फळीवरच राहिला. "नावाला? हे कोण म्हणे?"

"हेच. मी विचारलं, गाडी कायसाठी पाहिजे? तर म्हणाले, नावाला. मी म्हटलं, ठीक आहे, नावालाच पाहिजे तर रंगरूप चांगलं देऊ, इंजिनाचं काय घेऊन बसायचं!"

भूपेंद्र शेतकरी होता, मनाचा मोकळा. पण आपल्या कामाला कोणी हलके लेखले की तो तापलेल्या तव्यासारखा होई. "असं काय? म्हणजे माझी केळी नावाले, गाडी नावाले, अन् मी बी नावालेच पाहुणा! मग येवढं बसवून ठरवलं कायले? राहू द्या. तुमची बहीण विचारीन तं तुम्हीच सांगा." त्याने मोटरसायकलची किल्ली काढली.

ती फिरली असती तर सारेच फिरले असते. हर्षलच्या डोळ्यांपुढे नारिंगी रंगावर मोगऱ्याच्या कुंड्या उभ्या राहिल्या. तो मोटरसायकलच्या पुढ्यात आला.

"नावेला," तो म्हणाला. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाला, "नावेला, दाजी! मी नावेला म्हणालो होतो. नाव. नदीवर बांधलीय ती."

श्रीकांतने कपाळावर हात मारला. "अरे यार! वो नाव? पाण्यातली? मग बोट म्हणायचं ना सरळ!"

"आमच्या घरात बोट म्हणत नाहीत," हर्षल खाली मान घालून म्हणाला. "बाबा म्हणतात, बोटं हाताला असतात. पाण्यात असते ती नाव."

भूपेंद्र आधी ओठ दाबून राहिला. नंतर असा हसला की मोटरसायकल स्टँडवरून घसरता घसरता राहिली. "मास्तरांच्या मराठीपायी माझी सोयरीक तुटत होती, भो!"

एकदा तोंड उघडलेच होते, म्हणून हर्षलने उरलेलेही सांगून टाकले. पाठीवर ओझे घेणे वेगळे आणि मागे ओढणे वेगळे. हमालाचे काम बैलाला जमत नाही, बैलाचे हमालाला. श्रीकांतला मात्र ते पटले नाही. रिकामी नाव म्हणजे प्लास्टिकचा डबा, ही गाडी हसत ओढील, असे म्हणून त्याने स्वतःच किल्ली घेतली. आज दुसरे गिऱ्हाईक येणार नव्हतेच.

राजघाटाच्या कडेला विसर्जनासाठी केलेला मातीचा उतार अजून ओला होता. हर्षलने कमरेइतक्या पाण्यात उतरून नाव ट्रॉलीवर घेतली, आणि ट्रॉलीचा दोर गाडीच्या खालच्या दांडीला बांधला. श्रीकांतने गाडी पुढे घेतली. ट्रॉली हातभर वर आली आणि थांबली. मागची चाके गाळात जागच्या जागी फिरू लागली, रंगवलेले गुलाब चिखलाने भरले. वजनाला म्हणून भूपेंद्र हौद्यात जाऊन बसला. गाडी आणखी रुतली, आणि नाव ट्रॉलीवरून सावकाश, जणू काही घडलेच नाही अशी, पाण्यात परत गेली.

"जळका वास येतोय," भूपेंद्र हौद्यातून म्हणाला. "नावाचीच गाडी आहे ही."

श्रीकांतने मुकाट्याने आवारातल्या पोऱ्याला फोन करून दुसरी गाडी मागवली. ती मातकट रंगाची होती, दारावर पोचे पडलेली. पूर्वी डोंगरातल्या मोबाईल टॉवरवर सामान नेई. चारही चाकांना जोर, आणि मागे चेसिसलाच बसवलेला जाड हूक. तिने आधी पांढऱ्या गाडीला चिखलातून काढले. मग भूपेंद्र तिच्या चाकाशी बसला आणि हर्षल पुन्हा पाण्यात उतरला.

"मागे घ्या! अजून! बस!" पाण्यातून आवाज आला. "आता पहिला गिअर. हळू... दाजी, क्लच एकदम सोडू नका! डावीकडे! डावीकडे म्हटलं ना!"

भूपेंद्रने आरशात पाहिले, हा दुसराच कोणी तर ओरडत नाही ना म्हणून. गाडी न कुरकुरता चढली. तिच्यामागून ट्रॉली आली आणि ट्रॉलीवर नाव, निथळत, उन्हात.

हौदा मात्र आखूड होता. भूपेंद्रने तो पावलांनी मोजला, पुन्हा मोजला, आणि मान हलवली. "यात माल कमी मावंल."

हर्षल ओल्या कपड्यांनी नावेला टेकून उभा होता. त्याला हे आधीपासून दिसत होते. "तुम्ही पांढरी घ्या, दाजी," तो म्हणाला. "केळी रोजची आहेत. नाव आठवड्यातून दोन दिवसांची. मी ढाबेवाल्याला कळवतो." हे त्याने रुसून म्हटले नाही, आणि म्हणूनच ते ऐकणाऱ्याला जड गेले.

भूपेंद्रने वाकून हुकावरचा चिखल पुसला.

"माझ्या लग्नापासून तुमच्या घरी येतो," तो म्हणाला. "तुमचा आवाज आज ऐकला. वरून मलेच दटावलं!" त्याने हौद्याची फळी लावली. "माल कमी मावंल तं एक फेरा जास्त करू. पण त्या जास्तीच्या फेऱ्याले तुम्ही गाडी चालवायची. अन् मंडीत बोली ऐकून भाव बी तुम्हीच सांगायचा, तिथं नाही चालत 'काही नाही, काही नाही'."

केळीच्या मंडीतला गलबला हर्षलला माहीत होता. तरीही त्याने मान डोलावली. मग, मान पुरेशी नाही हे ओळखून, "हो," असे ऐकू जाईल एवढे म्हणाला.

"पैसे घटाला," भूपेंद्रने श्रीकांतला बजावले. "तोवर ही विकली तं बघ."

"नाही विकत. कागद कोणाच्या नावावर करू?"

"नावावर म्हणतोय तो, नावेवर नाही," भूपेंद्रने मेव्हण्याला समजावले.

हर्षलने पांढऱ्या गाडीत ठेवलेला फोन घेतला आणि ढाबेवाल्याला लावला. नाव द्यायची नाही, असे हिंदीत सांगितले. ढाबेवाल्याला ते एका दमात कळले. हिंदीत त्या शब्दाचा घोळ होत नाही. तो थोडा वैतागला आणि मग म्हणाला की एखादी जुनी बैलगाडी असली तर बघा.

राजपुऱ्यापर्यंत नाव त्या मातकट गाडीनेच पोहोचवायची ठरली. भूपेंद्र चालवत होता. हर्षल शेजारी बसून आरशात पाहत होता: नारिंगी नाक प्रत्येक वळणाला किंचित उशिराने वळत होते. रस्त्यावर तापीच्या पाण्याची रेघ उमटत होती आणि मागे मागे वाळत जात होती.

"सालेसाहेब," भूपेंद्र म्हणाला, "मंडीत काय बोलायचं, त्याची आत्तापासून तयारी करा. मोठ्यानं."