एका केबलीत सहा आवाज

गल्लीतले लोक त्यांना लाइनमन म्हणत. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, ज्या टेलिफोनच्या खांबांवर ते चढले ते खांबही निवृत्त झाले, पण पदवी काही उतरली नाही. चौतीस वर्षांत लाइनमन एक गोष्ट पक्की शिकले होते: तारांच्या एका जोडीवर एकच संभाषण चालतं. दोन चालली तर त्याला क्रॉस कनेक्शन म्हणतात.

या ज्ञानापायी ते गेले चार दिवस हॉलच्या फरशीवर पालथे पडले होते.

त्यांचा मुलगा कॉम्प्युटर गेमसाठी आवाज तयार करायचं काम करायचा. 'मुलगा काय करतो?' असं कुणी विचारलं की लाइनमन सांगत, 'कॉम्प्युटरमधली दारं वाजवतो.' लोक हसत. मुलगा जवळ असला तर तोही हसे, जरा उशिरा. सात महिन्यांपूर्वी, तीन आठवड्यांच्या तापाने तो गेला. वय तीस. मागे राहिला त्याचा गेमिंग पीसी, पोटात निळे दिवे असलेला; आणि हॉलमध्ये त्याने टेप लावून, मोजूनमापून बसवलेले होम थिएटरचे सहा स्पीकर. पुढे तीन, मागे दोन आणि कोपऱ्यात धमधम करणारा एक डबा. आजारपणात हॉलमध्ये खाट टाकावी लागली, तेव्हा सगळी जोडणी निघाली होती.

पीसीत त्याचं शेवटचं काम होतं. नाव 'घर'. त्यात मारामारी नाही, गाड्या नाहीत. पडद्यावर एक खोली, आपण मधल्या खुर्चीत, आणि चार मिनिटं नुसतं ऐकायचं. आईला तो म्हणाला होता, "सगळे आहेत त्यात. बाबासुद्धा."

लाइनमननी सहाही स्पीकर पुन्हा अँप्लिफायरला लावले, पीसी टीव्हीला जोडला, टीव्ही अँप्लिफायरला जोडला आणि 'घर' सुरू केलं. पुढचे दोनच स्पीकर बोलले. उजव्यातून नळ आणि फ्रिज. डाव्यातून आई: "अरे, ये ना, थंड होतंय सगळं." दोन मिनिटांनी तिचा आवाज वाक्याच्या मध्येच बुडाला आणि पुढची दोन मिनिटं काहीच नाही. बाबांचा कुठे पत्ता नाही.

बायकोला तेवढं पुरलं. ती रोज कपड्यांच्या घड्या करायला त्या डाव्या स्पीकरपाशी बसू लागली. लाइनमनना तिचा हेवा वाटे. तिच्या वाट्याला निदान एक स्पीकर आला होता.

"तुम्ही मागच्या स्पीकरांत असाल," ती म्हणाली. "तुमचं बोलणं कायम पाठीमागूनच."

टोमणा होता, पण त्यांना तो पटला. मागचे स्पीकर मुके होते, आवाज मध्येच बुडत होता. म्हणजे लाइनीत फॉल्ट, जिथून लाइन सुटते त्या एक्स्चेंजमध्ये नव्हे. सहा आवाज, तर सहा केबली हव्यात. पीसीतून निघत होती एकच. उरलेल्या पाच शोधायला त्यांनी सोफा हलवला, कपाट हलवलं, मुलाच्या खोलीतले सगळे खण उपसले. मोबाइलचे अकरा चार्जर निघाले. पाचव्या दिवशी अभिमान गिळून त्यांनी अँप्लिफायर विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला.

"काका, पीसीची केबल कुठे घातलीय?"

"टीव्हीत. तिथून दुसरी अँप्लिफायरला."

"मग टीव्ही खातोय."

"काय खातोय?"

"आवाज. तुमचं मॉडेल जुनं, त्याला दोनच पचतात. बाकीचे पुढे देतच नाही. मधला माणूस काढा, पीसी थेट अँप्लिफायरला जोडा. तिथून टीव्हीला फक्त चित्र जाऊ द्या."

"आणि उरलेल्या पाच केबली?"

"काका, सहाही आवाज एकाच केबलीतून येतात."

"क्रॉस कनेक्शन न होता?"

"न होता. आता पीसीत साउंडच्या सेटिंगमध्ये जा. स्टिरिओ असेल, ते पाच पॉइंट एक करा."

"पॉइंट एक कोण?"

"तो धमधम करणारा डबा."

"म्हणजे सहा झाले. मग सरळ सहा म्हणा की! दशांश कशाला?"

दुकानदाराला दुसरी गिऱ्हाइकं होती. लाइनमननी केबल बदलली, डब्याचा दशांश मान्य केला. पडद्यावर सहा स्पीकरांची चित्रं आली. एकेकावर टिचकी मारली की तो तो स्पीकर टुणकन वाजे. मागचा उजवा वाजला तेव्हा ते दचकून वळले, जणू खरंच कुणी आलं होतं.

बायको स्वयंपाकघरात होती. त्यांनी तिला हाक मारली नाही. आधी आपण बघावं, मग बोलवावं. खुर्चीत बसून त्यांनी 'घर' लावलं.

या वेळी खोली त्यांच्याभोवती उभी राहिली. पुढे नळ, फ्रिज. डाव्या बाजूला आई. मागे डावीकडे पंखा, आणि अगदी जवळ, मधोमध, कुणाचा तरी श्वास. खुर्चीत बसलेल्याचा. लाइनमननी आपला श्वास रोखला, तरी तो चालूच राहिला.

"अरे, ये ना, थंड होतंय—"

मागच्या उजव्या कोपऱ्यातून दार करकरलं, आणि त्यांचाच आवाज आला, खणखणीत: "आवाज कमी कर!"

आणि आवाज कमी झाले. नळ बारीक झाला, पंखा बारीक झाला, आई वाक्याच्या मध्येच विझली. शेवटी तो श्वासही कुणी हाताने दाबावा तसा गेला. फॉल्ट नव्हता तर. बापाने सांगितलेलं मुलाने ऐकलं होतं. पडद्यावर दोन मिनिटं शिल्लक होती आणि लाइन अगदी स्वच्छ होती.

लाइनमननी अँप्लिफायरचं बटण शेवटापर्यंत फिरवलं. डबा सोडून पाचही स्पीकरांतून नुसता सूंऽऽ असा आवाज आला. मुलाशी आपण आणखी काय काय बोललो होतो, ते आठवून पाहू लागले. बोलले असणारच. तीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत.

"अहो, मिळालात का?" बायको हात पुसत दारात आली. चेहरा उजळला होता. "काय म्हणता तुम्ही त्यात? मलाही ऐकवा की."

त्यांनी घाईघाईने पीसीची केबल उपटली आणि पुन्हा टीव्हीत खुपसली.

"नाही मिळालो," ते म्हणाले. "फॉल्ट आहे अजून."

"कुठे? केबलीत?"

"नाही, केबल चांगली आहे," लाइनमन म्हणाले. "एक्स्चेंजमध्येच आहे." आणि ते पुन्हा फरशीवर पालथे पडले, म्हणजे तिला तोंड दिसायला नको.