एका मुठीला वीस पावलं

त्या दिवशी भांडण भातावरून झालं आणि मी ते शिलाई मशीन थांबवून ऐकलं. खोटं कशाला बोलू? माझं शिवणाचं दुकान आणि पेरक्याचं अंगण यांच्यामध्ये एकच भिंत, तीही कमरेएवढी.

“नर्सबाई काय म्हणाल्या? मूठभर भात!” पेरक्याची बायको म्हणाली.

“मग ही काय आहे?” पेरक्यानं आपली मूठ ताटावर धरली.

“ही मूठ नाही, टोपलं आहे. मी माझ्या मुठीनं वाढणार.”

“जेवणार मी आणि मूठ तुझी? मास्तर, तुम्हीच सांगा!”

मी लगबगीनं सुईत दोरा ओवायला घेतला. नवरा-बायकोच्या भांडणात निवाडा देऊन कोणाचं भलं झालंय?

पेरक्या हे त्याचं खरं नाव नव्हे. हातानं बी फोकण्यात त्याचा हात धरणारा आमच्या गावात कोणी नाही, म्हणून सगळे त्याला पेरक्या म्हणतात. स्वतःच्या शेतात त्यानं आजवर दुसऱ्या कोणाला बियाला हात लावू दिला नाही. पण गेली काही वर्षं गडी चांगलाच सुटला होता. दर साली माझी फीत त्याच्या पोटाभोवती दोन बोटं कमी पडायची, आणि तो म्हणायचा, “मास्तर, फीत आटली तुमची.”

यंदा मात्र बांधावर चढताना त्याला धाप लागली. दवाखान्यात नर्सबाईंनी दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि सरळ सांगितलं, “अर्धं ताट भाजीनं भरा. भात मूठभर. वरून मीठ नको, तळलेलं नको, सावकाश चावून खा. पाच आठवड्यांनी या. आकडा उतरला नाही, तर पेरणीला उभं राहायचं नाही. बी धाकट्या भावाला फोकू द्या.”

हे त्याला फार लागलं. धाकट्याची त्याच्या तुकड्यातली पेरणी म्हणजे इथे झुडूप, तिथे टक्कल. शेताला चाई लागल्यासारखं दिसतं. एक डोळा आपल्या शेतावर आणि एक डोळा भाताच्या पातेल्यावर, अशी पेरक्याची गत झाली होती.

दुसऱ्या दिवशी पेरक्याच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनीनं, अचानक माघार घेतली. “मूठ तुमचीच,” ती म्हणाली. “पण पेरणीतली मूठ कशी असते, ते जरा मास्तरांना सांगा ना. परवा विचारत होते.”

मी काहीच विचारलं नव्हतं. पण पेरक्याची छाती लगेच फुगली.

“ऐका मास्तर. एका मुठीला वीस पावलं. बी पुरवून सोडायचं. मूठ आधी रिकामी झाली, तर तो पेरणारा नव्हे, उधळ्या. आणि वीस पावलं झाल्याशिवाय दुसऱ्या मुठीसाठी झोळीत हात घालायचा नाही.”

“घाई असली तरी?” वहिनीनं विचारलं.

“माझा बाप उठून आला तरी नाही!”

“बरं झालं.” तिनं ताट पुढे ठेवलं. पेरक्याच्या मुठीनं एक मूठ भात, बाजूला भाजीचा ढीग, वाटीत घट्ट डाळ. “एका मुठीला वीस घास. भात पुरवून खायचा, घास भाजीनं भरायचा. मी मोजते.”

पेरक्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कात्रीकडे पाहिलं.

सातव्या घासाला भात संपला. “उधळ्या!” वहिनी म्हणाली, आणि उरलेले तेरा घास त्याला नुसत्या भाजीचे खावे लागले. पुढच्या वेळी गडी बारा घासांपर्यंत पोचला. आठवड्याभरात भात वीस घासांना पुरायला लागला. वीस घास चावून खाल्ल्यावर दुसरी मूठ मागायची त्याला आठवणच राहीना. मिठाची बरणी वहिनीनं माळ्यावर ठेवली होती. तिच्यासाठी शिडी लावावी लागे, आणि पेरक्याला शिडीचा कंटाळा. जेवण झालं की ती त्याला बांधापर्यंत पिटाळायची.

पण धाकटा गप्प बसतोय थोडाच? त्याला यंदा दादाच्या शेतात बी फोकायची भारी हौस. तो रोज संध्याकाळी कागदात गरमागरम तळण बांधून माझ्याकडे ठेवायचा. “दादाला द्या मास्तर. बिचारा सुकला.” दादा चिंध्यांच्या गाठोड्यामागे बसून खायचा. मलाही वाटा मिळायचा, म्हणून मी तोंड उघडत नव्हतो. लाज वाटते आता, पण तेव्हा कुरकुरीत लागायचं.

चौथ्या दिवशी वहिनी पोलकं न्यायला आली. पोलक्यावर तेलाचा डाग. तिनं डाग हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि पोलकं काखेत मारून गेली. दुसऱ्या संध्याकाळी पेरक्यानं अधीरपणे पुडी सोडली, तर आत गाजराचे तुकडे! भिंतीपलीकडून आवाज आला, “मास्तर, तुमच्यासाठीपण घातलेत. दोघांनी वाटून खा.”

धाकट्याची मात्र तिनं अंगणात हजेरी घेतली. “भावोजी, दादाला आडवं करून पेरायचंय का तुम्हाला?”

त्याची मान खाली गेली. “इतका विचार नव्हता केला वहिनी,” तो म्हणाला, आणि ते खरं असावं.

पाच आठवड्यांनी नर्सबाईंनी पट्टा बांधला. पेरक्यानं डोळे गच्च मिटले. “उतरलाय,” त्या म्हणाल्या. “पेरा. पण दुपारचं ऊन टाळा आणि खाणं असंच चालू ठेवा.” गडी दवाखान्यातून घरापर्यंत न थांबता चालत आला. माझी फीत त्याच्या पोटाला पुरून चार बोटं उरली.

माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटानं ढकलला की फुटावा, अशी झाली, त्या सकाळी त्यानं झोळी खांद्याला लावली. मी दुकान बंद करून बघायला गेलो. हात लयीत फिरत होता, धाप नाही, थांबणं नाही. पण शेत संपलं तेव्हा पोत्यात पाव हिस्सा बी शिल्लक!

पेरक्याचं तोंड उतरलं. “रानाचा एखादा पट्टा पेरायचा राहिला कुठेतरी. गेल्या सालीही एवढंच बी होतं, दाणा उरला नव्हता.”

“मूठ तीच?” वहिनीनं विचारलं.

“तीच.”

“पावलं वीस?”

“मोजून वीस!”

ती त्याच्या पाऊलखुणांशेजारून चालून आली. “पाऊल बघा केवढं पडलंय. पोटापायी तुम्ही गेली चार वर्षं तुरुतुरु चालत होतात. वीस पावलांत आजच्या पाऊणच रान व्हायचं.”

धाकटा फिस्सकन हसला. पेरक्या हसला नाही. बारा दिवस तो रोज बांधावर जाऊन उकिडवा बसायचा. तेराव्या दिवशी आम्हाला सगळ्यांना बोलावून नेलं. रोपं वर आली होती. कुठे दाटी नाही, कुठे टक्कल नाही, प्रत्येकाला हातपाय पसरायला जागा.

“गेल्या साली एकमेकांना गुदमरवून पिवळी पडली होती,” तो हळूच म्हणाला. “मी शेतालाही जास्तच वाढत होतो.”

वहिनीनं बांधावरच शिदोरी सोडली. आधी भाजी वाढली, मग भाताच्या डब्यात हात घातला.

“भात किती?”

“मूठभर.”

“कोणाची?”

पेरक्यानं मातीनं भरलेली आपली मूठ एकदा पाहिली आणि पाठीमागे नेली.

“तुझी,” तो म्हणाला.