नर अद्याप अज्ञात

श्रीनिवासरावांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक जवळजवळ लॅपटॉपच्या पडद्याला टेकवलं. फोटोत करंजाच्या पानावर नखाएवढे दोन पतंग शेपटीला शेपटी जोडून बसले होते. एक तपकिरी, दुसरा राखाडी, पांढऱ्या पट्ट्याचा.

"राखाडी पुस्तकात सापडला, सर. तपकिरी कुठेच नाही," उत्कर्षा म्हणाली.

ती मूळची अकोल्याची, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये होती. कर्वेनगरच्या सोसायटीत जिन्याच्या दिव्याभोवती जमणारे पतंग टिपायचा तिला नाद लागला होता. एखादा ओळखू आला नाही की रविवारी ती शनिवार पेठेत या निवृत्त प्राध्यापकांकडे यायची.

तपकिरी पतंग श्रीनिवासरावांना पाठ होता. १९९३ साली तीन नमुन्यांवरून त्यांनीच तो नवी जात म्हणून जाहीर केला होता. तिन्ही माद्या. 'नर अद्याप अज्ञात,' असं निबंधात लिहिलं होतं. उभ्या आयुष्यात तेवढी एकच जात त्यांच्या हातून नोंदली गेली, आणि तिला त्यांनी पत्नीचं, उल्काचं नाव दिलं. आता चौदा वर्षांनी तो राखाडी नर समोर होता, आणि त्याला फार आधीपासून दुसरंच नाव होतं.

"पतंगही चुकतात," ते म्हणाले. "भलत्याच जातीशी जुळतात. एका फोटोवरून काही ठरत नाही."

उत्कर्षाने मान डोलावली आणि पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढला. मादीने त्यात अंडी घातली होती.

श्रीनिवासरावांनी डबा स्वतःकडे ओढला. अळ्या वाढवून पाहू, डबा इथेच ठेव, असं त्यांनी सांगितलं. ती निर्धास्तपणे ठेवून गेली.

अळ्या निघाल्या. त्यांना रोज ताजी पानं लागत. सहा दिवस श्रीनिवासरावांनी नदीकाठच्या करंजाची कोवळी पानं आणली. सातव्या दिवशी ते गेले नाहीत, आठव्याही नाही. डबा पुस्तकांमागे सरकवून ते पेपर उघडून बसले आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. नवव्या सकाळी राहवेना, म्हणून डबा काढला. आत हिरवीगार पानं होती.

"दोन दिवस मी घालतेय," उल्काताई दारातून म्हणाल्या. "उपाशी मारायला ठेवून घेतल्या होत्या का?"

त्यानंतर पानं आणायला दोघं मिळून जाऊ लागले.

तीन आठवड्यांनी कोषांतून पतंग बाहेर पडले. एकाच आईची पिल्लं: सात राखाडी, पाच तपकिरी.

उल्काताईंनी डबा उजेडात धरला.

"यातली मी कोणती?"

श्रीनिवासरावांनी बोट दाखवलं, मग सगळं सांगितलं. दोन्ही एकच जात, राखाडी नर नि तपकिरी मादी. आधीचं नाव तेच खरं, नंतरचं रद्द.

उल्काताईंनी डबा टेबलावर ठेवला. "फोन करा तिला," त्या म्हणाल्या.

त्यांनी उत्कर्षाला फोन लावून निकाल सांगितला. त्यांचा तो जुना निबंध तिने मागच्याच आठवड्यात शोधून वाचला होता. फोटो अजून कुणाला दाखवलेला नाही, असं ती हळूच म्हणाली.

"पुसून टाकू का, म्हणतेय," श्रीनिवासराव पुटपुटले. रिसीव्हर कानाला तसाच होता. त्यांना नाही म्हणता येईना.

उल्काताईंनी तो त्यांच्या हातून काढून घेतला.

"अगं, पुसू नकोस. रविवारी जेवायलाच ये. यांना नवा निबंध लिहायचाय, आणि त्यावर पहिलं नाव तुझं घालायचंय. मसालेभात चालतो ना तुला?"